१६८ भाग झाले, आता नोकरी सोडू का?

आदरणीय ताई,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. वय ३६. पतसंस्थेत क्लार्क आहे, पगार २१ हजार. चार वर्षं एका अ‍ॅपवर टोपणनावाने प्रेमकथा लिहिते आहे, ११ हजार फॉलोअर आहेत. आठवड्याला तीन भाग टाकते. सध्याच्या कथेचे १६८ भाग झाले, वाचक संपवूच देत नाहीत. महिन्याला कधी ४ हजार येतात, कधी ९ हजार. मे महिन्यात मुलांच्या सुट्टीमुळे भाग टाकता आले नाहीत, तेव्हा १,८०० आले. मिस्टरांना माहीत आहे, सासूबाईंना नाही. आता एका प्रकाशकांचा फोन आला. ४५ हजार भरायचे, ३०० प्रती छापणार, किंमत २५० रुपये, मला २० टक्के रॉयल्टी, शिवाय आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक आणि पुण्यात प्रकाशन सोहळा. आमच्या साहित्य मंडळातले एक सर म्हणाले, ‘असलं लिहिण्यापेक्षा चार चांगल्या कविता करा.’ पण मला प्रेमकथाच लिहायच्या आहेत आणि पूर्णवेळ कादंबरीकार व्हायचं आहे. नोकरी सोडू का? पुस्तक काढू का? आणि खरं नाव लावू का? कथेतले काही भाग, वाचकांच्या प्रतिक्रिया आणि कराराचा मसुदा सोबत पाठवते आहे.

एक लेखिका

---

प्रिय लेखिकाबाई,

नोकरी सोडू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही धडधडत्या छातीने वाचणार नाही.

प्रेमकथेत पैसा नाही म्हणून मी हे सांगत नाही. पैसा आहे. पण तुम्हाला जो मिळतोय तो कुठल्या जातीचा आहे, ते तुमच्याच पत्रात आलंय. मे महिन्यात हात थांबला आणि रक्कम १,८०० वर आली. म्हणजे ही रोजंदारी आहे. आज भाग टाकला तर आजचे पैसे, उद्या ताप आला तर उद्या नाही. रोजंदारी वाईट नसते, पण तिच्या भरवशावर पगार सोडायचा नसतो. कादंबरीकाराचा संसार चालतो तो जुन्या, संपलेल्या पुस्तकांवर. लेखिका आजारी असताना, तिच्या मुलाची बारावी चालू असताना, अगदी तिने वर्षभर पेन हातात धरलं नाही तरीही, पाच वर्षांपूर्वीचं पुस्तक कुणीतरी विकत घेतं किंवा कानाला हेडफोन लावून ऐकतं, आणि त्याचे पैसे येतात. तुमच्याकडे असं संपलेलं आज एकही पुस्तक नाही. तुमचे तिन्ही प्रश्न माझ्या मते इथेच येऊन थांबतात.

हिशेब करा. तुमचा एक भाग साधारण १,२०० शब्दांचा. १६८ भाग म्हणजे दोन लाखांच्या वर शब्द झाले. एका बेताच्या कादंबरीला साठ-सत्तर हजार शब्द पुरतात. म्हणजे पतसंस्था सांभाळून, दोन मुलांचे डबे करून, गेल्या वर्षभरात तुम्ही तीन कादंबऱ्यांचा ऐवज लिहून काढलात. आणि हातात काय आहे? एक न संपणारी गोष्ट. लिहिण्याची शिस्त कशी लावू, असं मला निम्म्या पत्रांतून विचारतात. तुमच्यापाशी ती रग्गड आहे. तुम्हाला फक्त शेवट करता येत नाही, किंवा भीतीने तुम्ही तो करत नाही आहात.

कथेचे भाग वाचले. कंपनीचा सीईओ असलेला अर्णव, वडिलांच्या ऑपरेशनसाठी त्याच्याशी वर्षभराचं कॉन्ट्रॅक्ट मॅरेज करणारी मीरा, बांद्र्याचा बेचाळिसावा मजला. या साच्याला मी नाक मुरडणार नाही. वाचकांना तो आवडतो, तुम्ही तो सफाईने चालवता, आणि सुरुवातीच्या चाळीस भागांत मला एकदाही मोबाईल खाली ठेवावासा वाटला नाही. पण पुढे काय झालं? मीराने दाराआडून अर्धवट फोन ऐकला आणि गैरसमज झाला, हे भाग ५२ मध्ये झालं, ८८ मध्ये झालं, आणि १३१ मध्ये परत झालं. इतका पगार घेणाऱ्या माणसाला फोनवर बोलताना दार लावायचं सुचू नये? वाचक ‘पुढचा भाग लवकर टाका’ म्हणतात तेव्हा ते उत्सुक असतातच, पण निम्मे सवयीचे असतात. सवयीचा वाचक भाग वाचतो. पुस्तक विकत घेताना तो कुठे दिसत नाही.

आता भाग ४१ बद्दल बोलते. तो मी दोनदा वाचला.

मीरा रुसून म्हसवडला मावशीकडे जाते. मावशीच्या शेजारी फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवणारी एक विधवा बाई आहे, सुलभा. पतसंस्थेचा पिग्मी एजंट रोज संध्याकाळी तिच्याकडून २० रुपये न्यायला येतो. ती म्हणते, आठवड्याचे एकदम घेऊन जा की. तो म्हणतो, नियम नाही. (असा नियम नसतो, हे पतसंस्थेत काम करणाऱ्या तुम्हाला बरोबर ठाऊक आहे!) त्याच्या फेरीत तिचं दुकान मध्येच कुठेतरी लागतं, तरी तो गावाला वळसा घालून ते शेवटी ठेवतो. मग एका रविवारी तो येतो. रविवारी कलेक्शन नसतं, मशीन ऑफिसात जमा असतं. सुलभा सवयीने गल्ल्यातून वीसची नोट काढून पुढे करते. तो घेतो. पावती देता येत नाही, म्हणून नुसताच उभा राहतो, मग निघून जातो. सोमवारी तिच्या मोबाईलवर खात्यात पैसे जमा झाल्याचे दोन मेसेज येतात. वीस आणि वीस.

एवढंच. प्रेम हा शब्द कुठे नाही, परफ्यूम नाही, निळसर डोळे नाहीत. आणि त्या भागावरच्या प्रतिक्रिया बघा. संख्येने त्या सगळ्यात कमी आहेत, पण इतर भागांवर जिथे ‘खूप छान’ आणि तीन बदाम असतात तिथे या भागावर माणसांनी परिच्छेद लिहिलेत. एकीने तर वडील गेल्यावर आईकडे रोज दूध घालायला येणाऱ्या माणसाबद्दल लिहिलंय आणि शेवटी विचारलंय, ‘या दोघांचं पुढे काय झालं ते सांगाल का?’ तुम्ही सांगितलं नाहीत. भाग ४२ मध्ये अर्णवची गाडी आली, मीरा बसली, आणि म्हसवड मागे पडलं.

तुमची पहिली कादंबरी ती आहे. पिग्मीची मशीन, पासबुक, मार्चअखेरची धावपळ, थकबाकीदाराला जामीन राहिलेला मेहुणा, चेअरमनच्या घरचं लग्न, आणि चाळिशीतल्या दोन माणसांनी एकमेकांकडे बघायला गावात जागाच नसणं. हे सगळं तुम्ही रोज सकाळी दहा ते सहा काउंटरमागून पाहता. बांद्र्याचा बेचाळिसावा मजला शंभर जणी लिहितात, त्यातल्या काही तुमच्याहून बऱ्या लिहितात. सुलभाचं दुकान लिहिणारी मला दुसरी माहीत नाही. आणि नोकरीचा एक उपयोग हाही आहे, तो पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही एवढंच.

तेव्हा असं करा. अर्णव-मीरा बारा भागांत संपवा. वाचकांना तारीख आधीच जाहीर करा, म्हणजे तुमच्यावरही बंधन राहील. ओरड होईल, काही जण सोडून जातील, जाऊ द्या. प्रेमकथेत वाचकाला एकच वचन दिलेलं असतं: या दोघांचं काय होतं ते मी तुला सांगेन. ते वचन पाळलं की वाचक पुढच्या पुस्तकाला येतो. मग सुलभाची गोष्ट आधी पूर्ण लिहा, अ‍ॅपवर न टाकता. आठवड्याला पाच दिवस, रोज ५०० शब्द. याहून जास्त तुम्ही आत्ताही लिहिता. सहा महिन्यांत पासष्ट हजार होतील. तोवर अ‍ॅपवर एखादी छोटी, पंचवीस भागांची, शेवट आधीच ठरलेली गोष्ट चालू ठेवली तर घरखर्चाला हातभार लागत राहील.

आता त्या प्रकाशकांकडे वळू. त्यांचा प्रस्ताव कागदावर मांडून पाहिलात का? ४५ हजारात ३०० प्रती, म्हणजे प्रत्येक प्रतीला तुमचे १५० रुपये गेले. किंमत २५०, तुमची रॉयल्टी २० टक्के, म्हणजे प्रतीमागे ५० रुपये. सगळ्या ३०० प्रती विकल्या गेल्या, एकही उरली नाही, तरी तुमच्या हातात येणार १५ हजार. यशस्वी झालात तर ३० हजारांचा तोटा, अयशस्वी झालात तर ४५ हजारांचा! पुस्तक खपो न खपो, त्यांचा नफा तुम्ही पैसे भरता त्याच दिवशी झालेला असतो, त्यामुळे ते विकण्याची धडपड त्यांनी का करावी? तुमचे पैसे घालून पुस्तक काढण्यात कमीपणा काहीच नाही, अनेक चांगले लेखक काढतात. पण मग प्रती तुमच्या, विक्रीचे पैसे तुमचे, आणि छापणाऱ्याला छपाईचे पैसे, असा सरळ व्यवहार हवा. पैसे लेखिकेचे आणि रॉयल्टीही लेखिकेलाच, हा प्रकार मला आजवर कुणी नीट समजावून सांगू शकलेलं नाही.

आणि तो आयएसबीएन. पॅकेजमध्ये तो मोठ्या अक्षरात छापलाय म्हणून सांगते, भारतात आयएसबीएन फुकट मिळतो. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करायचा, लेखक स्वतःही करू शकतो. सोहळ्याचं म्हणाल तर शाल, श्रीफळ आणि फ्लेक्सचा खर्च तुम्हीच उचलणार आहात, मग तो पुण्यात कशाला? गावातल्या वाचनालयात करा, सुलभासारख्या बाया तरी येतील.

करारातलं चौथं कलम मात्र मला पैशांपेक्षा जास्त खटकलं. ‘सदर साहित्यकृतीचे सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील, संपूर्ण जगातील हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे राहतील.’ म्हणजे ४५ हजार देऊन वर गोष्टही देऊन टाकायची. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूने बराच विचार करतो. हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क घेऊन वर्षभर वापरलाच नाही तर तो परत येतो, करारात वेगळं काही म्हटलं नसेल तर. या मसुद्यात बरोबर वेगळंच म्हटलंय. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगातील’ हे शब्द हौसेने घातलेले नाहीत, कायद्याने तुम्हाला ठेवलेल्या वाटा बुजवायला घातलेत. चांगल्या करारात मराठी छापील पुस्तकाचा हक्क, अमुक वर्षांसाठी, एवढंच असतं. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, मालिका आणि सिनेमा यांचा प्रत्येकाचा वेगळा उल्लेख असतो, आणि जे दिलं नाही ते तुमचं राहतं.

हे मी एवढं का घोळवते आहे, ते दोन उदाहरणांनी सांगते. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२ मधली. शिरवळकर २००३ मध्ये गेले. सिनेमा आला २०१३ मध्ये, आणि पुस्तक निघालं तेव्हा जन्मलीही नव्हती अशी पोरं दुकानात येऊन ते मागायला लागली. दुसरं चंद्रकांत काकोडकरांचं. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, शिक्षा झाली, तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते सुटले. त्याच १९६९ मध्ये त्यांच्या ‘नीलांबरी’वरून हिंदीत ‘दो रास्ते’ आला आणि तुफान चालला. एकाच वर्षी कोर्टातून सुटका आणि पडद्यावर नाव! प्रेमकथेचं आयुष्य कुठे आणि केव्हा फळफळेल हे छापताना कुणालाच कळत नाही, म्हणून हक्क जवळ ठेवायचे. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं ते त्याच्या घरच्यांचे असतात. तुमच्या मुलांच्या नावावर फ्लॅट नसेल, पण सुलभा असू शकते.

मग पुस्तक काढायचं कसं? नीट चालणाऱ्या चार प्रकाशकांकडे दोन पानांचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणं पाठवा. सारांशात शेवटही सांगा, ‘पुढे काय होतं ते पुस्तकातच वाचा’ असं लिहू नका, संपादक चिडतात. उत्तराला सहा महिनेही लागतात, कधी येतच नाही. होकार आला तर रॉयल्टी बहुधा दहा ते पंधरा टक्के. समजा हजाराची आवृत्ती, किंमत ३०० आणि दर दहा टक्के, तर सगळी आवृत्ती संपल्यावर ३० हजार रुपये, आणि ती संपायला दोन-तीन वर्षं लागू शकतात. या आकड्यावर घर चालत नाही हे उघड आहे. पण अशी पाच पुस्तकं झाली, प्रत्येकाचं ई-बुक आणि ऑडिओ वेगळं चालू राहिलं, तर चित्र बदलतं. पूर्वीही ते असंच बदलायचं. ना. सी. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते आणि एकामागून एक प्रणयकथा लिहीत होते. बाबा कदम सरकारी वकिली सांभाळून डझनावारी कादंबऱ्या लिहून गेले. योगिनी जोगळेकरांची पुस्तकं शंभराच्या वर, आणि वर गाण्याची मैफल वेगळी. एका पुस्तकावर यांतलं कुणीच उभं राहिलं नाही. वाचनालयाच्या काउंटरवर ‘यांचं नवीन काय आलंय?’ असं विचारलं जायला लागतं, त्याच्या मागे आधीची आठ-दहा पुस्तकं वाचलेली असतात.

ई-बुक स्वतः काढायचं असेल तर अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या स्वप्रकाशनाच्या सेवेवर मराठी चालतं. तिथे रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ‘सिलेक्ट’ योजनेत नाव घालावं लागतं आणि त्या योजनेच्या ९० दिवसांत ते पुस्तक डिजिटल स्वरूपात दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. म्हणजे जी गोष्ट अ‍ॅपवर आहे, ती तिथे नाही. सुलभा अ‍ॅपवर टाकू नका म्हटलं, त्याचं हेही एक कारण. तुमच्या सध्याच्या अ‍ॅपचे नियमही एकदा शांतपणे वाचा. पैसे देऊन उघडायच्या भागांसाठी त्यांनी एक्सक्लुझिव्ह हक्क घेतलेत का, किती काळासाठी, आणि गोष्ट काढून घ्यायची तर काय करावं लागतं. चार वर्षांपूर्वी तुम्ही ‘मान्य’ दाबलं होतं, तेव्हा ते वाचलं नसणार. कुणीच वाचत नाही.

ऑडिओचा विचार जरूर करा. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकवणारं अ‍ॅप २०१७ मध्ये भारतात आलं ते मराठी घेऊनच, आणि पोळ्या लाटताना, एसटीत, पहाटे फिरताना कादंबरी ऐकणारा मोठा वर्ग तेव्हापासून तयार झालाय. तुमचे संवाद कानाला चांगले लागतात. सुलभाचं एक प्रकरण मोठ्याने वाचून स्वतःच्या फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. जिथे जीभ अडखळते ती वाक्यं लांब आहेत.

मालिकांचं तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. प्रेमकथा लिहून दर महिन्याला ठोक पैसे देणारी मराठीतली जागा आज तीच आहे. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, पैसे एपिसोडमागे, आणि चॅनेलचा फोन रात्री अकरालाही येतो. रेटिंग घसरलं की तुमची नायिका रातोरात खलनायिका होते. पैसा चांगला, पण तिथे गेलेल्या बहुतेकांची कादंबरी कायमची ‘पुढच्या वर्षी’ राहिलेली मी पाहिली आहे. जायचंच झालं तर आपली मूळ कल्पना अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून मगच कुणाला ऐकवा.

साहित्य मंडळातल्या सरांचं फार मनावर घेऊ नका. फडक्यांनाही उथळ म्हणणारे होतेच. तरी १९४० मध्ये रत्नागिरीच्या संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि पुढे पद्मभूषणही झाले. सरांना वाचनालयाचं देवघेव रजिस्टर दाखवा, पुरे. मात्र एका बाबतीत त्यांचं ऐका: कविता करू नका, पण वाचा. तुमच्या भागांत ‘हृदयाची धडधड’ फार वेळा होते.

राहिलं नाव. विभावरी शिरूरकर या नावाने १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा केवढी खळबळ झाली होती, आणि ही बाई कोण याचा शोध घ्यायला लोक निघाले होते. त्या मालतीबाई बेडेकर, हे नंतर कळलं. टोपणनाव मराठीत लेखिकांनी फार आधीपासून वापरलंय, त्यात लपवाछपवी मानू नका. शिवाय तुमचं टोपणनाव ११ हजार जणांना माहीत आहे, खरं नाव गावातल्या खातेदारांना. पुस्तकावर तेच टोपणनाव ठेवा. फक्त करार खऱ्या नावाने करा, ‘या टोपणनावाने लिहिणाऱ्या’ असं त्यात लिहून घ्या, पॅन आणि बँक खातंही तेच. यामागे कायद्याचं कारण आहे. टोपणनावाने छापलेल्या आणि लेखक कोण हे कधी उघडच न झालेल्या पुस्तकाचे हक्क प्रसिद्धीपासून साठ वर्षं टिकतात. नाव उघड झालेलं असलं तर मृत्यूनंतर साठ. मुलांच्या हिशेबाने हा फरक लहान नाही, तेव्हा कधीतरी नाव उघड करायचं हे मनात ठेवा. आज करायची घाई नाही.

सासूबाईंना कधी सांगायचं, ते तुम्ही ठरवा. पण त्या संध्याकाळी सात ते साडेनऊ टीव्हीवर काय बघतात, ते एकदा नीट पाहा. मला तर तुमची पुढची वाचक घरातच बसलेली दिसते आहे.

आणि नोकरी कधी सोडायची? फॉलोअर पन्नास हजार झाले म्हणून नको, सिनेमावाल्यांचा फोन आला म्हणूनही नको. तीन पुस्तकं पूर्ण होऊन बाजारात असू द्या. मग मुद्दाम तीन महिने नवं काहीही टाकू नका आणि जुन्यांवर काय येतं ते पाहा. ती रक्कम निम्म्या पगाराच्या जवळ गेली, आणि वर्षभराचा घरखर्च बाजूला पडलेला असला, तर मिस्टरांशी बोला. माझ्या अंदाजाने याला पाच-सहा वर्षं लागतील. तेव्हा तुम्ही बेचाळीस वर्षांच्या असाल. प्रेमकथा लिहायला ते वय चांगलं आहे, विशीत लिहिलेल्या प्रेमकथांत सगळे फार सुंदर असतात.

तातडीचं एक काम. भाग ४१ मधून मीराला पूर्ण काढून टाका, सुलभा आणि एजंट एवढेच ठेवा, आणि अडीच-तीन हजार शब्दांची स्वतंत्र कथा करा. दिवाळी अंकांची जुळवाजुळव जून-जुलैपासून सुरू होते. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने पहिला काढला तेव्हापासून नवा लेखक ओळखीचा व्हायचा रस्ता हाच आहे. मानधन काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळेल, कधी नुसताच अंक मिळेल. पण प्रकाशकाला सारांश पाठवताना ‘या पात्रांवरची कथा अमुक दिवाळी अंकात आली आहे’ हे वाक्य लिहिता येईल. पाठवण्याआधी तो मजकूर अ‍ॅपवरून काढता येतो का, हे मात्र तपासा. काढता येत नसेल तर संपादकांना तसं आधीच कळवा.

आणि ४५ हजारवाल्यांचा फोन परत येईल, बहुतेक याच आठवड्यात, ‘ऑफर संपतेय’ म्हणून. त्यांना एवढंच सांगा, ‘चौथं कलम काढून मसुदा परत पाठवा, आणि प्रती माझ्या ताब्यात राहतील असं लिहून द्या.’ व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड पाठवला तर स्कॅन करू नका.